फ्रेटचे आकडे खोडा, मात्रा मोजा

नमस्कार सर,
मी परभणीचा, वय २७. दिवसा कृषी सेवा केंद्रात काउंटर सांभाळतो आणि सीझनला ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. लग्नाचे संगीत कार्यक्रम, गणपती, नवरात्र, एप्रिलमध्ये भीमजयंती, असं कॉलेजपासून चालू आहे. शिकलो ते सगळं ऐकून आणि नेटवरचे टॅब, म्हणजे कुठली तार कुठल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) दाबायची त्याचे आकडे, बघून. शाळेत असताना हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे सरगम लिहिता-वाचता येते. मागच्या डिसेंबरात संभाजीनगरच्या एका चर्चमध्ये ख्रिसमसच्या कार्यक्रमाला वाजवायला बोलावलं. तिथे हातात स्टाफ नोटेशनचा, म्हणजे पाच ओळींवर सूर लिहिलेला कागद दिला. मी रात्री जागून प्रत्येक नोटखाली पेन्सिलीने फ्रेटचा आकडा लिहिला. तालमीत कंडक्टर म्हणाले, "बार चोवीसपासून घेऊ." सगळे सुरू झाले आणि मी आकड्यांत बोट फिरवत राहिलो. कार्यक्रम कसाबसा कानावर निभावला. यंदाही बोलावलंय, पण वाचायला शिकून या म्हणालेत. आमचा ड्रमर म्हणतो, "कागदावर बघून वाजविणाऱ्याचा कान मरतो." या वयात वाचन जमेल का? एकच नोट तीन-तीन ठिकाणी सापडते, त्यातली कुठली धरायची? टॅब असताना हे शिकायचंच कशाला? आणि परभणीत हे शिकवणार कोण?
– चार तारांवाला, परभणी

चार तारांवाले, वयाचं आधी उरकून टाकू. सत्तावीस हे काही वय नाही. मोठेपणी वाचायला बसणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते: त्याचा हात डोळ्यांच्या फार पुढे गेलेला असतो. रात्रभर कार्यक्रम ओढणाऱ्या माणसाला सकाळी उठून एका बारमध्ये चार सूर, तेही मुंगीच्या पावलांनी, वाजवायचे म्हणजे जिवावर येतं. बहुतेक जण सोडतात ते या कंटाळ्यापायी. पहिले दोन-तीन महिने स्वतःला अडाणी म्हणवून घ्यायची तयारी असेल तर पुढचं वाचा.

तुमच्या पत्रातल्या तालमीच्या प्रसंगाकडे जरा नीट बघा. कंडक्टरनी बार चोवीस (उभ्या रेघांनी पाडलेला चोविसावा खण) म्हटलं तेव्हा तुम्ही चुकीचा सूर वाजवला नाही, तुम्हाला जागाच सापडली नाही. फ्रेटचा आकडा बोट कुठे ठेवायचं ते सांगतो. कधी ठेवायचं आणि कधी उचलायचं, हे तो सांगत नाही. आणि बासवाल्याची नोकरी तर त्या 'कधी'चीच आहे. गायकाचा एखादा सूर इकडेतिकडे झाला तरी लोक टाळ्या वाजवतात. बास अर्धी मात्रा मागे पडला की पहिल्या रांगेतल्या आजोबांनाही काहीतरी बिनसल्याचं कळतं. म्हणून माझं म्हणणं सोपं आहे: लय आधी वाचायला शिका, सुरांची नावं मागाहून. जवळजवळ प्रत्येक जण उलटं करतो. पहिल्याच दिवशी पाच ओळींची नावं घोकायला बसतो, आठवड्यात ती येतात, आणि तरीही समोरचा कागद वाजत नाही.

बास कोपऱ्यात उभा करून ठेवा. फक्त कागद, पायाचा ठेका आणि तोंड. तुम्हाला केहरवा येतो, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. ४/४ च्या एका बारमध्ये चार ठोके असतात. प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की आठ होतात, आणि त्या आठांवर धा गे न ति, न क धि न बिनतक्रार बसतं. या हिशेबाने होल नोट आठ मात्रांची, हाफ चारांची, क्वार्टर दोनांची, एट्थ एका मात्रेची आणि सिक्स्टीन्थ अर्ध्या मात्रेची, म्हणजे तुमची दुगुन. (चर्चमधले लोक आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षेवाले क्रॉचेट, क्वेव्हर म्हणतील, नेटवरचे मास्तर क्वार्टर आणि एट्थ. वस्तू तीच.) नोटच्या उजव्या बाजूला ठिपका असेल तर तिच्या लांबीत निम्मी भर घालायची. क्वार्टरला ठिपका म्हणजे दोन अधिक एक, तीन मात्रा.

आता एक नमुना बघू, कारण माझा अंदाज आहे की तुमच्या कागदावरचे निम्मे घोटाळे इथेच झाले असतील. तीन-तीन-दोन अशी विभागणी तुम्ही ऑर्केस्ट्रात शेकडो वेळा वाजवली असेल. केहरव्यात हे तीन सूर पडतात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर: धा, ति, धि. तोंडाने म्हणून बघा, लगेच ओळखीचं वाटेल. पण कागदावर हे कसं दिसतं? पहिली ठिपक्याची क्वार्टर नोट, इथपर्यंत ठीक. त्यानंतर एक एट्थ, तिला कमानीने जोडलेली एक क्वार्टर, आणि शेवटी आणखी एक क्वार्टर. म्हणजे सूर तीन आणि नोटा चार! नवखा माणूस इथे चार वेळा तार छेडतो आणि ड्रमरच्या शिव्या खातो.

असं का लिहितात? बारचा मध्य, म्हणजे तिसरा ठोका, वाचणाऱ्याला नजरेने दिसला पाहिजे असा लिहिणाऱ्यांचा दंडक आहे. तो तिसरा ठोका म्हणजे केहरव्याची पाचवी मात्रा, जिथे खाली येते. मधला सूर चौथ्या मात्रेवर सुरू होतो आणि खाली ओलांडून सहावीच्या शेवटापर्यंत जातो. म्हणून त्याचे दोन तुकडे करतात, खालीच्या अलीकडे एक मात्रा, पलीकडे दोन, आणि वरून कमान टाकून सांगतात की हा सूर एकच आहे. कमानीच्या दुसऱ्या टोकाला उजवा हात हलवायचा नाही, सूर नुसता धरून ठेवायचा. हे एकदा कळलं की पानभर कमानी दिसल्या तरी घाबरायला होत नाही. टाळीने सम आणि हाताने खाली दाखवत धा, ति, धि म्हणा, नजर कागदावर ठेवा, आणि बोट त्या चार चिन्हांवरून फिरू द्या. दहा मिनिटं पुरे.

रेस्टचंही, म्हणजे गप्प राहण्याच्या खुणेचंही, तसंच. तबल्यात न वाजवलेली मात्रा आपोआप रिकामी राहते, बासची तार मात्र वाजतच राहते. कागदावर रेस्ट असेल तर आवाज बंद करण्याचं काम तुमचं: डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता दाब सोडा, किंवा उजव्या हाताचं बोट तारेवर टेकवा. नोट कुठे संपते हे काटेकोर पाळणारा बासवाला ऐकायला किती स्वच्छ वाटतो, ते एकदा तुमच्याच कार्यक्रमाच्या मोबाइल रेकॉर्डिंगमध्ये ऐका. टॅबवर वाढलेल्या पोरांचे सूर एकमेकांत सांडलेले असतात.

यावरूनच टॅबचं सांगून टाकतो. टॅबला मी नावं ठेवणार नाही. पाचशे वर्षांपूर्वी युरोपातले ल्यूट (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) वाजवणारे टॅबच वाचायचे, आणि कुठल्या तारेवर कुठलं बोट हे टॅब जितकं झटकन सांगतो तितकं स्टाफ सांगत नाही. स्लॅपचा (तार अंगठ्याने आपटून वाजवायचा) एखादा अवघड तुकडा बसवायचा असेल तर खुशाल टॅब घ्या. पण नेटवर फुकट मिळणाऱ्या बहुतेक टॅबमध्ये नुसते आकडे असतात, मात्रा नसतात. गाणं आधीपासून कानात असेल तरच ते वाजतं. चर्चमध्ये मिळालेला तुकडा तुम्ही आधी कधी ऐकलाच नव्हता, म्हणून तुमचे पेन्सिलीचे आकडे तिथे मुके पडले. शिवाय कंडक्टर, पियानोवाला, कॉयर (गाणाऱ्यांचा चमू) या सगळ्यांसमोर जो कागद आहे तोच तुमच्यासमोर हवा. बार चोवीस त्यांच्या आणि तुमच्या कागदावर एकाच जागी असेल, तरच बोलणं होईल.

आता सूर. पेटी शिकलात, ऑर्केस्ट्रात वावरता, म्हणजे 'पांढरी चार', 'काळी एक' ही भाषा तुमच्या अंगवळणी आहे. तिचाच उपयोग करू. पाच ओळींच्या सुरुवातीला असलेल्या बास क्लेफच्या (खालच्या सुरांच्या) खुणेला दोन ठिपके असतात. त्या ठिपक्यांच्या मधली ओळ म्हणजे एफ, तुमची पांढरी चार. आणि खालून मोजली तर ती ओळही चौथीच. चौथी ओळ, पांढरी चार, डी तारेचा तिसरा फ्रेट. हा खुंटा पक्का ठोका, बाकीचे सूर त्याच्यापासून वर-खाली मोजता येतात.

मग चार मोकळ्या तारा. सर्वांत जाड ई तार पाच ओळींच्या खाली, एका छोट्या जादा ओळीवर. ए तार सर्वांत खालच्या घरात, म्हणजे पहिल्या दोन ओळींच्या मधे. डी तार बरोबर मधल्या ओळीवर. जी तार सर्वांत वरच्या घरात. आता गंमत बघा. डावा हात पहिल्या चार फ्रेटांवर ठेवला, मोकळ्या तारा धरल्या आणि शार्प-फ्लॅट (अर्धा सूर चढे-उतरे) बाजूला ठेवले, तर प्रत्येक तारेवर बरोबर तीन सूर येतात. ई तारेवर मोकळी, पहिला आणि तिसरा फ्रेट: ई, एफ, जी. ए तारेवर मोकळी, दुसरा, तिसरा: ए, बी, सी. डी तारेवरही मोकळी, दुसरा, तिसरा: डी, ई, एफ. जी तारेवर मोकळी, दुसरा, चौथा: जी, ए, बी. झाले बारा सूर. खालच्या जादा ओळीपासून पाच ओळींच्या डोक्यावरच्या घरापर्यंत, म्हणजे अख्खा स्टाफ, हात न हलवता तुमच्या मुठीत आहे.

'एकच नोट तीन ठिकाणी'चं उत्तर यातच आहे. मधल्या ओळीवरचा डी मोकळ्या तारेवर आहे, ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर आहे आणि ई तारेच्या दहाव्यावरही आहे. वरच्या घरातला जी तर चार ठिकाणी सापडतो. कागद काही कुठली तार ते सांगत नाही, त्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. जाड तारेवर वर चढून घेतलेला सूर गोल आणि जरा दबका लागतो, मोकळी तार खणखणीत वाजते आणि थांबवायला कष्ट पडतात. पुढेमागे तुम्ही आवाजाच्या चवीवरून आणि आधीच्या-नंतरच्या सुराला हात कुठे असेल त्यावरून ठरवाल. सध्या विचारच करू नका: चार फ्रेटांच्या बाहेर जायचं नाही. ते डोळे मिटून येऊ लागलं की पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर ठेवून तीच पानं पुन्हा वाचायची. एक काळजी घ्या: जिथे हात सरकवावा लागतो तिथे पेन्सिलीने तेवढी एकच खूण करा. प्रत्येक नोटखाली आकडा लिहिलात की नजर आकड्यावर जाते आणि वरच्या नोटकडे कोणी ढुंकून बघत नाही.

एक तांत्रिक गोष्ट, जी तुम्हाला चर्चमध्ये लागेल. बास गिटारचे सूर जिथे लिहितात त्याच्या एक सप्तक खाली वाजतात. मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. ती खरोखरच्या जागी लिहायची तर पाच ओळींच्या खाली जादा ओळींची शिडीच लागेल. म्हणून कॉयरच्या बास आवाजाची ओळ तुम्ही वाचून वाजवलीत तर ती गाणाऱ्यांच्या एक सप्तक खाली ऐकू येईल. घाबरू नका, तसंच अपेक्षित असतं आणि ते भारदस्तही वाटतं.

हार्मोनियम शिकलेल्यांसाठी दोन-तीन खड्डे मात्र आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या खाली-वर टिंब म्हणजे मंद्र आणि तार सप्तक. इथे नोटच्या वर-खाली टिंब म्हणजे ती तोडून, आखूड वाजवायची, आणि शेजारी टिंब म्हणजे लांबवायची. भातखंडेंच्या लिपीत स्वरांखाली कंस म्हणजे ते सगळे एका मात्रेत. इथे एकाच सुराच्या दोन नोटांवरची कमान म्हणजे जोड, आणि वेगवेगळ्या सुरांवरची कमान म्हणजे ते सलग, न तोडता. सवयीने डोळा फसतो.

सगळ्यांत मोठा खड्डा 'सा'चा. आपला सा गायकाबरोबर फिरतो. स्टाफवरचा सी कुठेही जात नाही, तो पांढरी एकच. काळी दोनमधलं गाणं वाचताना मनात 'सा रे ग' म्हणत बसलात तर काही ओळी छान जातील, आणि कोणीतरी मधे पट्टी बदलली की सगळं कोसळेल. म्हणून वाचताना सी-डी-ई हीच नावं तोंडात ठेवा. सरगम कानासाठी राहू द्या, तिथे तिच्यासारखी दुसरी सोय नाही. आणि हो, सी मेजरच्या सोप्या पानांवरच रमू नका. आपल्याकडे गायक उभा राहिला की 'काळी एक' म्हणतो. काळी एक कागदावर बहुतेक वेळा डी फ्लॅट म्हणून येते, क्लेफच्या शेजारी पाच फ्लॅट घेऊन: बी, ई, ए, डी, जी. तीच पट्टी सी शार्प म्हणून लिहिली तर सात शार्प लागतील, म्हणून लिहिणारा पाचांचा मार्ग धरतो. हे फ्लॅट सुरुवातीला एकदाच छापलेले असतात आणि पुढे सगळीकडे लागू असतात. मधेच एखाद्या नोटपुढे वेगळी खूण आली तर तिची सत्ता त्या बारपुरती.

तुमच्या ड्रमरचं काय करायचं? त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला नोटेशन वाचता येत नाही आणि त्याचे बास जगभर शिकवले जातात. पण त्याच काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत कॅरल के ही बासवादक समोर आलेला कागद वाचून दिवसाला अनेक रेकॉर्डिंगं करत होती, आणि तिच्या कानाला कोणी नावं ठेवली नाहीत. एवढं लांब कशाला, मुंबईच्या फिल्म स्टुडिओंचा इतिहास बघा. गोव्याहून आलेले वादक गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून यायचे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसूझा लिहून काढायचे. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकले. तुमचा ड्रमर ज्या जुन्या गाण्यांवर जीव टाकतो, त्यातल्या कितीतरी गाण्यांची व्हायोलिनं आणि ब्रास रेकॉर्डिंगच्या वेळी कागद समोर ठेवून वाजलेली आहेत. तुम्ही ती कॅसेटवरून कानाने उतरवलीत, एवढाच फरक.

कान मरतो तो कागद न ऐकता वाजवल्यावर. म्हणून कुठलीही ओळ तारेवर घेण्याआधी गुणगुणा. मोकळ्या ए तारेचा सूर घ्या आणि पुढचा सूर कसा लागेल याचा अंदाज करा, मग तपासा. बेसूर आलं तरी चालेल, खोलीत दुसरं कोणी नाही.

सरावाचं म्हणाल तर रोज वीस मिनिटं, आणि त्यात रोज नवं पान. हे महत्त्वाचं आहे. एकच धडा पंधरा दिवस घासलात तर तो पाठ होतो, मग बोटं आठवणीवर वाजवतात आणि डोळे नुसते कागदावर ठेवलेले असतात. वर्तमानपत्र आपण पाठ करून वाचत नाही, नवं येतं आणि वाचत सुटतो, तसंच हे. सोपं पान, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठवर, आणि चुकलं तरी थांबायचं नाही. थांबून दुरुस्त करायची खोड घरी लागली की तालमीत जाते कुठे? नजर वाजत्या सुराच्या एक-दोन ठोके पुढे ठेवायचा प्रयत्न करा. पहिल्यांदा जमत नाही, मग एक दिवस जमायला लागतं. ॲम्प्लिफायर लावायचीही गरज नाही, म्हणजे घरच्यांची झोप आणि भारनियमन दोन्ही प्रश्न मिटले.

नवी पानं आणायची कुठून? पहिली जागा त्याच चर्चमध्ये आहे. चार आवाजांत छापलेलं गीतांचं पुस्तक मागून घ्या किंवा त्याच्या झेरॉक्स काढा. खालच्या स्टाफवर दोन आवाज एकत्र असतात. काडी वर गेलेल्या नोटा टेनरच्या (पुरुषांच्या वरच्या आवाजाच्या), खाली गेलेल्या बासच्या. तुम्ही खालच्या काड्या वाचायच्या. बहुतेक क्वार्टर नोटाच असतात, चाल संथ असते, पट्ट्या तऱ्हेतऱ्हेच्या असतात, आणि डिसेंबरात नेमकं हेच तुमच्यासमोर येणार आहे. सहा महिन्यांनी हुरूप आला तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावरून बाखच्या चेलो सुइट फुकट उतरवून घ्या. त्या बास क्लेफमध्येच आहेत, सुरुवात पहिलीपासून करा. चेलोची सर्वांत खालची तार सी असल्याने काही सूर तुमच्या ई तारेच्याही खाली जातील, ते एक सप्तक वर घ्यायचे. ट्रिनिटीच्या रॉक ॲण्ड पॉप परीक्षेची बासची पुस्तकंही चांगली, फक्त त्यात नोटेशनच्या खाली टॅब छापलेला असतो. पट्टी कापून तो झाकून टाका, नाहीतर डोळे खालीच घरंगळतील.

या सगळ्याहून जास्त फायदा मी लिहिण्यात बघितला आहे. म्युझस्कोर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ऑर्केस्ट्रात तुम्ही झोपेत वाजवता अशा एखाद्या गाण्याची चार बारची बासची ओळ त्यात स्वतः लिहा. मग ते वाजवून दाखवायला सांगा. कॉम्प्युटर तुमच्यासारखा वाजला तर लय बरोबर लिहिली. नाही वाजला तर बहुधा ठिपका किंवा कमान चुकलेली असते, ती शोधा. जे बोटांना येतं ते कागदावर कसं दिसतं, हे अशा दहा-बारा ओळींत असं पक्कं होतं की धा-ति-धिचा तो चार चिन्हांचा गुच्छ पुढच्या वेळी वाचावा लागत नाही, ओळखू येतो.

कार्यक्रमाचा कागद हातात आला की पहिली पाच मिनिटं तारेला हात लावू नका. रस्ता बघा: कुठून परत फिरायचं, पहिल्या खेपेचा शेवट कुठला आणि दुसऱ्या खेपेचा कुठला, डी. एस. लिहिलं असेल तर उलटं जाऊन कुठल्या खुणेवर यायचं, कोडा (शेवटचा जोडतुकडा) कुठे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा क्रमांक छापलेला नसेल तर पेन्सिलीने लिहा. पेन्सिल खरी इथे वापरायची. जाड आडव्या रेघेवर आठ लिहिलं असेल तर आठ बार गप्प बसायचं आणि मोजायचं. कधी कधी नोटांऐवजी नुसत्या तिरक्या रेघा आणि वर कॉर्डची नावं असतात, तिथे तुमचं ऑर्केस्ट्राचं डोकं चालवा. तो भाग तुम्हाला मास्तरपेक्षा चांगला येईल.

शिकवणाऱ्याबद्दल. बास गिटारचाच गुरू हवा हा हट्ट सोडा. बास वाजवायला तुम्हाला येतोच, तुम्हाला बास क्लेफ वाचणारा माणूस हवा आहे. पियानो किंवा कीबोर्डच्या ग्रेड परीक्षांची तयारी करून घेणारे मास्तर आता जिल्ह्याच्या गावीही सापडतात. पियानोचा डावा हात बास क्लेफमध्येच असतो, त्यांच्याकडे तेवढ्याचीच शिकवणी लावा. व्हायोलिनवाल्याकडे जाऊ नका, तो ट्रेबल क्लेफमध्ये (वरच्या सुरांच्या) राहतो. दुसरी जागा पोलीस किंवा लष्करी बँड. २६ जानेवारीच्या संचलनाला जे वाजवतात त्यांना नोटेशन शिकवलेलं असतं, आणि ट्रॉम्बोनवाला बहुधा तुमचाच क्लेफ वाचतो. एखादे निवृत्त बँडवाले काका गावात शोधा. लयीच्या बाबतीत ही माणसं फार कडक, आणि तुम्हाला तेच हवं आहे. महिन्यातून एखाद-दोनदा संभाजीनगरला जाणं जमत असेल तर तपोवन किंवा मराठवाडा एक्स्प्रेसमधला वेळ वाया घालवू नका, मांडीवर टाळी देत पानं वाचता येतात. शेजारचा प्रवासी फार तर भजनीबुवा समजेल.

वेळेचं गणित तुमच्या बाजूने आहे. लग्नं आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत थंड असतात. मधे गणपती-नवरात्र सोडले तर पावसाळ्याच्या संध्याकाळी तुमच्या आहेत, फक्त पेरणीच्या दिवसांत दुकानात गर्दी असेल तेवढंच. आषाढात लय आणि बारा सूर, श्रावण-भाद्रपदात गीतांच्या पुस्तकातल्या खालच्या काड्या, दिवाळीनंतर फ्लॅट-शार्पच्या पट्ट्या आणि खुद्द कार्यक्रमाचे कागद, असा क्रम धरा. त्यासाठी कंडक्टरना आत्ताच फोन करा आणि दोन गोष्टी मागा: यंदाच्या कार्यक्रमाची पानं जेव्हा ठरतील तेव्हा लगेच, आणि गेल्या वर्षीच्या पानांची कोरी प्रत आजच. आकडे लिहिलेली प्रत खोडरबराने साफ करत बसू नका, दाब दिलेले आकडे तरी दिसतातच. फोन डिसेंबरपर्यंत लांबवू नका. ख्रिसमसच्या तोंडावर कॉयरवाल्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नसते.